कळीवरचं पाणी

सीताराम ओव्हाळ फुलांना घाम फोडतो, असं आमच्या कान्हे गावात म्हणायचे. म्हणायचे थट्टेनं, पण त्यात कौतुकही असायचं, कारण तसं करणारा दुसरा माणूस वडगावपासून लोणावळ्यापर्यंत नव्हता. जास्वंदीच्या पाकळीवर, सोनकीच्या इवल्याशा पिवळ्या फुलावर, गुलाबाच्या अर्ध्या मिटल्या कळीवर तो हातानं दव ठेवायचा. शिंपडायचा नाही, ठेवायचा. इंजेक्शनच्या बारीक सुईतून थेंब असा सोडायचा की त्यानं सुईला सोडावं आणि पाकळीला धरावं, आणि या सोडण्या-धरण्यात फुटू नये. थेंब ठेवताना तो श्वास रोखायचा. आपणही शेजारी उभे असलो तर आपलाही श्वास आपोआप थांबायचा.

मग त्या फुलाच्या मागं तो दुसरं एखादं फूल धरायचा, आणि कॅमेरा इतका जवळ न्यायचा की भिंग पाकळीला लागतंय की काय असं वाटावं. फोटो झाल्यावर दाखवायचा. त्या थेंबाच्या पोटात मागचं अख्खं फूल असायचं, उलटं, खाली डोकं वर देठ. मोहरीएवढ्या पाण्यात अख्खं फूल. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फोटो उलटा धरून पुन्हा पाहिला होता.

हे कसब त्याला फुलांनी नाही शिकवलं. मयतांनी शिकवलं.

त्याचा बाप देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाल होता. डेपोच्या गेटसमोर पासाचे फोटो काढणाऱ्याचं एक खोपटं होतं. तिथं सीताराम लहानपणी पाणी भरायला जायचा आणि तिथंच फोटो धुवायला शिकला. पुढं कामशेतच्या बाजारात त्यानं स्वतःचा स्टुडिओ काढला. लग्नं, बारशी, चौदा एप्रिलच्या मिरवणुका, शाळेचे निरोप समारंभ. आणि मयत. त्या काळी आमच्याकडं मयत उचलायच्या आधी घरच्यांनी भोवती बसून फोटो काढून घ्यायची रीत होती. कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्मभरातला तेवढा एकच फोटो. लेक लांबून यायची असली की मयत ताटकळायचं, आणि चैत्रातल्या दुपारी गळ्यातला हार पार मान टाकायचा. माणूस गेला तो गेला, हार तरी ताजा दिसावा, म्हणून सीताराम त्याच्यावर पाणी मारायला लागला. पण पाणी फोटोची तयारी होईस्तोवर सुकून जायचं.

तेव्हा त्याला ग्लिसरीन दिलं ते ताजुद्दीननं. ताजुद्दीन कामशेतच्या औषधांच्या दुकानात कामाला होता आणि सीतारामचा जानी दोस्त होता. निम्मं ग्लिसरीन, निम्मं उकळून गार केलेलं पाणी; थेंब घट्ट होतो, घरंगळत नाही, आणि उन्हात लवकर मरत नाही. सीताराम महिन्याच्या महिन्याला बाटली न्यायला लागला तसा ताजुद्दीन म्हणायचा, "सिनेमातली माणसं हे डोळ्यांत घालून रडत्यात. तू फुलांना रडवतोस. तुझ्याइतकं खोटं रडू आख्ख्या मावळात कुणी विकत न्हेत न्हाई."

आमच्या विहारात वंदना घेणारे गोरखआबा मात्र त्याला वेगळं टोचायचे. बुद्धापुढं फूल वाहताना आपल्याकडं म्हणतात की हे फूल जसं कोमेजतं तसंच हे शरीरही जाणार आहे. आबा म्हणायचे, "सीताराम, आपुन फूल वाहतो ते कोमेजायसाटी. तू त्याला कोमेजू देत न्हाईस."

"कोमेजतंच की, आबा," सीताराम म्हणायचा. "मी फकस्त फोटूपुरतं थांबवतो."

पुढं फोन आले. लग्नं ड्रोनवाल्या पोरांकडं गेली, मयताचे फोटो घरचेच काढायला लागले, आणि स्टुडिओचं शटर एके दिवशी खाली आलं ते आलंच. पण फुलं त्याच्याकडं राहिली. पाऊस सरत आला की पुण्या-मुंबईचे हौशी लोक मोठमोठाले कॅमेरे घेऊन लोहगडाखाली रानफुलं टिपायला यायचे, आणि लोहगडवाडीच्या टपऱ्यांवर सीतारामची चौकशी करायचे. उन्हं वर आल्यावर आलेल्यांना तो दव करून द्यायचा. लोणावळ्याच्या एका हॉटेलात शिरल्या शिरल्या समोर भिंतीएवढा गुलाब आहे, त्याच्या पाकळीवर तीन थेंब आहेत, ते थेंब सीतारामचे. खाली नाव नाही. तो मुद्दाम वाट वाकडी करून तो बघून यायचा, आणि आम्हाला सांगायचा की अजून तसाच आहे, टवटवीत.

त्याची बायको भामाबाई गेली तेव्हा त्यानं कॅमेरा काढला नाही. तिनंच सांगून ठेवलं होतं. दुखणं वाढलं तेव्हा म्हणाली होती, "माझ्या हारावर पानी मारू नका. सुकू द्या." तेवढा एक हार त्यानं सुकू दिला.

मागं राहिली लेक, ज्योत्स्ना. ही पोरगी शेतीची पदविका घेतलेली, हुशार, मोजकं बोलणारी. नांदायला गेली आणि वर्षाच्या आत परत आली. का, ते तिनं सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. बरेच महिने ती घराबाहेर पडायची नाही. मग नाणे मावळाच्या रस्त्याला पुण्याच्या एका शेटजींची गुलाबाची पॉलिहाउसं होती, तिथं ती कामाला लागली. आधी बायकांबरोबर कळ्या खुडायला, मग खुडलेल्या कळ्यांची प्रतवारी करायला, आणि होता होता सगळ्या शेडांची सुपरवायझर झाली. गावातल्या निम्म्या घरांतल्या बाया तिच्या हाताखाली. रस्त्यानं चालताना तिची मान पुन्हा वर आली ती त्या शेडांमुळं. सीतारामला ते ठाऊक होतं. तो म्हणायचा, हिला मी जन्म दिला, पण उभं केलं ते गुलाबांनी.

आता जे पॉलिहाउसात गेले नाहीत त्यांना एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गुलाबाचा वैरी पाणी. मुळाला नळीनं हवं तेवढं द्या, पण कळीला थेंबसुद्धा लागता कामा नये. थंडीच्या दिवसांत कळीवर रात्रभर ओल राहिली की पाकळीवर पिनेच्या टोकाएवढा डाग येतो, डागाची करडी बुरशी होते, आणि पेटीत भरलेली एक कळी सगळी पेटी नासवते. रात्री प्लास्टिकच्या छताला आतून वाफ धरते. म्हणून पहाटे बायका लांब काठीला कापड गुंडाळून छताला खालून हलके टोले द्यायच्या, म्हणजे थेंब कळ्यांवर न पडता कडेनं ओघळून जावेत. तरीही एखाद्या कळीवर पडलाच, तर ज्योत्स्ना तो कापसानं टिपायची. दिवस उजाडायच्या वेळचं तिचं पहिलं काम तेच.

शेडातली येसूबाई मोठी तोंडाळ. ती म्हणायची, "ज्योस्ने, तुझं घर बाई न्यारंच. बाप थेंब लावतोय, लेक थेंब पुसतीय. घरातल्या घरात भांडून मिटवा की." सगळ्या बाया हसायच्या. ज्योत्स्नाही हसायची. तेव्हा ते हसण्याजोगंच होतं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास शेडांचं छत जुनं झालं होतं. ठिकठिकाणी ठिगळं. नवं प्लास्टिक घालायचं, नाहीतर जागा विकून मोकळं व्हायचं, असं शेटजींच्या मनात होतं. आमच्याकडं जागेला गिऱ्हाइकांचा काय तोटा? एका बाजूला बंगल्यांचे प्लॉट, दुसऱ्या बाजूला लग्नाचं लॉन, मधे आमच्या शेडा. शेवटी शेटजी म्हणाले की दिल्लीचा एक मोठा व्यापारी आहे, त्यानं फेब्रुवारीचा, व्हॅलेंटाइनच्या दिवसांचा, सगळा माल उचलायचं कबूल केलं तर नवं छत घालतो. व्यापाऱ्यानं आधी कळ्यांचे चांगले फोटो मागितले. शेटजी ज्योत्स्नाला म्हणाले, "तुझे वडील फोटोग्राफर आहेत ना?"

ज्योत्स्ना त्या दिवशी घरी आली ती पळत आल्यासारखी. पदरात काहीतरी झाकून आणावं तशी ती बातमी घेऊन आली होती. सीतारामला तिनं बसवून सांगितलं की शेडा राहतात की जातात ते या फोटोंवर आहे. आणि पुढं म्हणाली, "अण्णा, साधे काढा. कळी जशी हाय तशी. देठ, पान, कळी. बाकी कायबी नको."

"व्हय," सीताराम म्हणाला.

त्यानं साधे काढले. पांढऱ्या कापडावर, सावलीत, कळ्या ओळीनं निजवून. रात्री तो ते बघत बसला. चांगले होते, स्वच्छ होते, आणि त्याला ते बाजारात मांडलेल्या कांद्यांसारखे वाटले. असे फोटो कुणीही काढील. लेकीचं सगळं या फोटोंवर टांगलेलं, आणि आपण आपलं सगळ्यात चांगलं बाजूला ठेवून असलं काहीतरी पाठवायचं? पाहुण्यापुढं ताट वाढायचं आणि गोड मागंच ठेवायचं, तसं त्याला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक शेवटचा फोटो काढायला म्हणून शेडाच्या कडेला गेला. लाल कळी हातात, सुई खिशात. कळीच्या ओठावर त्यानं एक थेंब ठेवला आणि दोन त्याच्या खाली. पुढं तोच सांगायचा की त्या दिवशी हात जरासुद्धा हलला नाही, जन्मात असा थेंब बसला नव्हता. त्या वरच्या थेंबात मागची सगळी शेड उतरली होती. कमानी, छत, छताची ठिगळं, आणि आत काम करणाऱ्या बायांच्या लुगड्यांचे ठिपके, सगळं उलटं, चकचकीत.

ज्योत्स्ना व्यापाऱ्याचा नंबर देऊन कामावर गेली होती. सीतारामनं आपल्या फोनवरून साधे फोटो पाठवले. आणि सगळ्यांच्या आधी, पहिला, तो थेंबांचा पाठवला.

दुपारी ज्योत्स्ना घरी आली. दुपारी ती कधी येत नसे. सीताराम ओट्यावर बसून सुया धूत होता. ती समोर उभी राहिली आणि तिनं व्यापाऱ्याचा फोनवर आलेला आवाजी निरोप त्याला ऐकवला. व्यापारी शांतपणे बोलत होता, रागावला नव्हता. "कली पे पानी है, मॅडम. गीला माल हम नहीं लेते."

सीताराम आधी हसला. त्याला वाटलं, एवढंच ना. "अगं पण ते दव न्हाई. ग्लिसरीन हाय. सांग की त्यास्नी."

"सांगितलं."

"मग?"

मग काय झालं ते तिनं खाली बघून सांगितलं. तिनं फोन लावून समजावलं होतं की कळी कोरडी आहे, थेंब वडिलांनी फोटोसाठी लावले आहेत. त्यावर तो म्हणाला होता की जे पाणी नकली लावतात ते फूलही नकली दाखवत नसतील कशावरून? आणि त्या थेंबात त्याला छताची ठिगळंही दिसली होती. छत गळतं का, असं त्यानं विचारलं. नंतर फोन उचलला नाही.

सीतारामच्या हातातली सुई खाली पडली. ती उचलायला तो वाकला नाही.

ज्योत्स्ना ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो पुढं म्हणायचा. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मी रोज सकाळी तेच पुसते, अण्णा. रोज. तुमी कधी बघितलंच न्हाईत का?"

त्यानं खरंच बघितलं नव्हतं. सकाळचा उजेड हा त्याच्या कामाचा उजेड. लेक छताखाली थेंब टिपत असायची तेव्हा तो कुठंतरी कुंपणाशी थेंब लावत असायचा. एवढ्या वर्षांत त्या वेळी तो शेडात एकदाही गेला नव्हता. येसूबाईची थट्टा त्यानं ऐकली होती, पण थट्टेत काम दिसत नाही.

पौषात शेटजींनी जागा विकली. ज्यांनी घेतली त्यांना बंगले बांधायचे होते.

लोकांनी सीतारामची समजूत घातली, आणि ती नुसती समजूत नव्हती, त्यात तथ्य होतं. दसऱ्यालाच टेप घेऊन मोजणीवाले त्या जागेत फिरताना कितीतरी जणांनी पाहिले होते. ताजुद्दीन त्याच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "येड्या, सौदा आधीच झालाता. तुझ्या फोटूनं काय जागा विकती व्हय? तू सवताला एवढा मोठा समजू नकोस."

"मग शेटजींनी फोटू कशाला मागितला?" सीतारामनं विचारलं.

ताजुद्दीननं पायात चपला घातल्या. ज्योत्स्नानंही त्याला हेच सांगितलं होतं, की अण्णा, ते विकणारच होते, तुमी मनाला लावून घेऊ नका. पण सांगताना ती त्याच्याकडं बघत नव्हती. आपले कपडे पेटीत भरत होती. नाशिककडं एका रोपवाटिकेत तिला काम मिळालं होतं. कान्ह्याच्या स्टेशनावर तो तिला सोडायला गेला. तिनं वाकून पाया धरले. औषधं वेळेवर घ्या म्हणाली. गाडी आली, गेली. रविवारी तिचा फोन येतो. जेवलात का, पाणी आलं का, गुडघा कसा आहे. फुलांविषयी ती बोलत नाही. तोही नाही.

बाया पांगल्या. येसूबाई लोणावळ्याच्या एका हॉटेलात चादरी धुवायला जायला लागली. पहाटे हॉटेलची गाडी तिला रस्त्यावरून उचलते, बरोबर जुन्या शेडांच्या समोरून. पुढचं मी लिहितो ते तिच्या तोंडून ऐकलेलं आहे.

जागेच्या नव्या मालकांनी आधी छत उतरवलं, मग पाइप नेले. गुलाबाची झाडं मात्र तशीच राहिली, कारण ती काही विकली जात नव्हती. मशीन येऊन उपटेल तेव्हा उपटेल. ऐन फेब्रुवारीच्या तोंडाशी, ज्या दिवसांसाठी वर्षभर जपायचं त्या दिवसांत, ओळीच्या ओळी कळ्यांनी लगडल्या होत्या आणि वर उघडं आभाळ. त्या झाडांच्या जन्मात त्यांच्या डोक्यावर कधी आभाळ नव्हतं.

थंडी पडली. नदीकडून धुकं वर आलं, आणि सकाळी प्रत्येक कळीवर दव होतं. येसूबाई म्हणाली, असं दव मी उभ्या जन्मात बघितलं न्हाई. पाकळीपाकळीच्या काठाला थेंब, देठाला, काट्यांच्या टोकालासुद्धा. कुणी न लावलेले. सीतारामनं एकेक करून जन्मभर जे ठेवलं, ते एका रात्रीत, सगळ्या शेतभर, फुकट.

आणि त्या ओळींत सीताराम होता. तिला आधी वाटलं, फोटो काढायला आला असेल. पण त्याच्याकडं कॅमेरा नव्हता. खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन तो एकेका कळीपाशी वाकत होता. एक हात देठाखाली, आणि दुसऱ्या हातानं टॉवेलाच्या टोकानं कळी टिपायची. दाबायची नाही, नुसती टेकवायची. पाणी टॉवेलात गेलं की पुढची कळी. टॉवेल भिजून गळत होता. तो पिळायचा, आणि पुन्हा टिपायला लागायचा.

येसूबाई तारेपाशी जाऊन उभी राहिली. "भाऊ, काय करताय?"

"वल्या हायेत," तो म्हणाला.

"कुनाला द्यायच्यात आता?"

पुढच्या कळीखाली त्यानं हात धरला. तारेजवळच्या, त्यानं टिपून सोडलेल्या कळ्या तिनं जवळून बघितल्या. डाग आधीच उमटलेले होते, करडे, पिनेच्या टोकाएवढे. ती त्या कामातली बाई, तिला ते सांगावं लागत नाही. तिनं त्यालाही सांगितलं नाही.

डोंगरामागून ऊन आलं. लांबच्या ओळींवरचं दव, जिथं तो पोचलाही नव्हता, आपोआप उडून गेलं. पण तो त्याच ओळीत पुढं सरकत राहिला, आणि कोरड्या झालेल्या कळ्याही तशाच टिपत गेला. तेवढ्यात हॉटेलची गाडी आली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. येसूबाई जाऊन बसली. खिडकीतून तिनं मागं पाहिलं तेव्हा तो टॉवेल पिळत होता, आणि त्यातून आता पाणी निघत नव्हतं.